काडी की कार्पेट? बी न पेरता घरापुढे लॉन लावताना

आमच्या मामांची शेती काळ्या रानातली. घरापुढच्या जागेत हरळीच्या काड्या आणून लावतोय, असं मी त्यांना फोनवर सांगितलं, तर ते क्षणभर गप्पच झाले. मग हसू आवरेना. "अरे, आमचं आयुष्य गेलं ही उपटण्यात आणि तू पैसे देऊन आणतोस? ये इकडे, पोतंभर घेऊन जा. वर तुला मजुरी देतो."

मामांची तक्रार खरी आहे आणि लॉन लावणाऱ्याच्या कामाचं सगळं तीतच आहे. हरळी म्हणजे आपली दूर्वा, तिच्या प्रत्येक पेराला मूळ फुटतं. कुळवाने तिचे दहा तुकडे केले की शेतकऱ्याच्या कपाळाला दहा नवी झाडं येतात. शेतात जो ताप, तोच घरापुढे फायद्याचा. म्हणून आपल्याकडे चांगलं लॉन बी पेरून सहसा करतच नाहीत. काड्या लावतात, नाहीतर तयार गवताचे तुकडे, म्हणजेच कार्पेट, आणून अंथरतात.

हरळीचं बी बाजारात मिळतं, नाही असं नाही. पण ते फार बारीक. मुंग्या ओढून नेतात, पहिल्या जोरदार सरीत उरलेलं वाहत जाऊन एका कोपऱ्यात गोळा होतं आणि तिथेच दाट उगवतं. शिवाय बियांपासून आलेली हरळी पुष्कळदा भरड निघते. बारीक पात्याची, दाट बसणारी जी जात माळी 'सिलेक्शन वन' म्हणून आणून देतात, ती काड्यांनीच वाढवतात. गोल्फच्या मैदानांवरच्या टिफवे 419 सारख्या संकरित जातींना तर रुजणारं बीच धरत नाही. ही जात अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टनची, 1960 साली प्रसारित झालेली. आज ती जगभर जिथे कुठे आहे, तिथे काडीवरून काडी अशीच पोचलेली आहे.

आधी ऊन मोजा, मग गवत निवडा

नर्सरीत जाण्याआधी एका सुट्टीच्या दिवशी सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत दर तासाला जागेकडे नजर टाका. कुठे ऊन आहे, कुठे सावली, हे कागदावर लिहा. हरळीला दिवसाचं सहा तास तरी थेट ऊन लागतं. त्याहून कमी मिळालं तर ती मरत नाही, पण विरळ होते, लांबोडी होते आणि मधूनमधून माती दिसू लागते.

ऊन भरपूर, मुलं खेळणार, कुत्रा लोळणार, पाण्याची ओढाताण असणार, अशा ठिकाणी हरळीच, म्हणजे सिलेक्शन वन. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं तर पिवळी पडेल, पण पहिल्या पावसात परत उठेल.

नर्सरीवाला मात्र तुम्हाला आधी मेक्सिकन दाखवेल. मऊ, गादीसारखं, गडद हिरवं, पाहताक्षणी आवडणारं. नाव मेक्सिकन असलं तरी हे झोयसिया प्रजातीतलं गवत मूळचं पूर्व आणि आग्नेय आशियातलं. ते वाढतं फार हळू, त्यामुळे कापणी कमी. थोडी सावलीही चालवून घेतं. पण पाणी साचलं की आतून कुजतं, सतत पायदळी तुडवलेलं सोसत नाही आणि दोन-तीन वर्षांत त्याला उशीसारखे फुगवटे येतात. बसायला, पाहायला उत्तम, क्रिकेटला निरुपयोगी. ते इतकं सावकाश पसरतं की काड्या लावून वाट पाहणं बहुतेकांना जमत नाही. ते कार्पेटच आणावं.

आंब्याखाली, चिंचेखाली किंवा दोन इमारतींच्या बोळात काय लावू, असं विचाराल तर लॉन लावू नका. रुंद पात्याचं सेंट ऑगस्टीन अर्ध्या सावलीत तग धरतं, दाट सावलीत तेही हरतं. तिथे फरशा आणि कुंड्याच बऱ्या.

कधी लावायचं

पठारावर, म्हणजे पुणे, नाशिक, संभाजीनगर या पट्ट्यात, मृगाच्या पहिल्या पावसाने जमीन गार झाली की सुरुवात करावी. जूनच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत लावलेली हरळी गणपतीपर्यंत जमीन झाकते. पाण्याची सोय असेल तर फेब्रुवारी-मार्चही चालतो, मात्र एप्रिल-मेमध्ये रोज पाणी द्यावं लागेल. डिसेंबर-जानेवारीत लावू नका. ही उन्हाळी गवतं आहेत. रात्री थंड झाल्या की त्यांची वाढ जवळजवळ थांबते आणि काडी तशीच पडून राहते.

कोकणात आणि गोव्यात हिशेब उलटा. तिथल्या जुलैच्या पावसात काड्या गटारात जातील. तिथे जोर ओसरल्यावर, ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरात हात घालावा.

जमीन: सगळी मेहनत इथे

माझं पहिलं लॉन चार महिन्यांत गेलं. जागा 20 बाय 25 फूट, 500 चौरस फूट. सकाळी टेम्पो आला, दुपारपर्यंत कार्पेट अंथरून झालं, संध्याकाळी शेजारी बघायला आले. बांधकामावरचा राडारोडा माणसांनी फावड्याने सपाट केला होता आणि त्यावर दोन इंच लाल माती पसरली होती, हे मी पाहिलं होतं. पाहून गप्प बसलो होतो. जुलैत मधोमध तीन ठिकाणी डबकी झाली. ऑगस्टमध्ये गवताचा एक कोपरा हाताने उचलला तर तो पायपुसण्यासारखा सहज वर आला. खाली सिमेंटचा पापुद्रा, विटेचे तुकडे आणि कुजका वास. एकही मूळ खाली गेलेलं नव्हतं. दुसऱ्या खेपेला मी गवताआधी दीड महिना नुसती जमीनच केली.

तिचा क्रम असा.

एप्रिल-मेमध्ये जागा नऊ इंच ते फूटभर खणून घ्या. टिकावाला लागणारं सगळं बाहेर काढा: खडी, काँक्रीट, प्लॅस्टिक, टाईलचे तुकडे, वायरी. ढेकळं महिनाभर उन्हात तापू द्या. ही जुनी उन्हाळी नांगरट, फक्त अंगणातली.

मग तण उगवू द्या. हे वाचून विचित्र वाटेल. खणलेली जागा सारखी करून तिला आठवडाभर पाणी द्या. मातीत लपलेलं जे काही आहे, ते वर येईल. ते मुळासकट काढा. पुन्हा पाणी, पुन्हा काढणी. दोनदा तरी करा, जमलं तर तीनदा. खरा शत्रू आहे लव्हाळा, ज्याला नागरमोथाही म्हणतात. गवतासारखा दिसतो, पण दांडा बोटांत धरून फिरवला की त्रिकोणी लागतो. ही त्याची ओळख. नुसतं पान ओढलं तर पान हातात येतं आणि काळी गाठ आत राहते. त्या गाठीला दोऱ्यासारखं मूळ असतं, त्यावर पुढची गाठ, त्यावर आणखी पुढची. खुरपं खोल घालून, मूळ न तोडता, माळेसारखं बाहेर काढायचं. माती ओली असताना हे सोपं जातं. काढलेल्या गाठी कंपोस्टमध्ये टाकू नका, त्या तिथेही रुजतात. लॉन झाल्यावर हेच काम दसपट त्रासाचं होतं, कारण तेव्हा गवत वाचवत गाठ काढावी लागते.

ग्लायफोसेट या तणनाशकाची फवारणी करून मोकळे व्हा, असा सल्ला कुणी देईल. केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये त्याचा वापर परवानाधारक कीड-नियंत्रण करणाऱ्यांपुरता मर्यादित केला होता. 500 फुटांसाठी खुरपंच पुरेसं आहे.

आता उतार. घराकडून बाहेरच्या बाजूला 10 फुटांत सव्वा ते दीड इंच ढाळ हवा. डोळ्यांना सपाट वाटेल, पण पाणी निघून जाईल. दोन खुंट्या ठोका, दोरी ताणा आणि गवंड्याकडची पाणी भरलेली लेव्हलची नळी लावून मोजा. चिकण काळी माती असेल तर वरच्या सहा इंचांत जाड वाळू आणि शेणखत नीट मिसळा. नुसती दोन मूठ वाळू टाकून काही होत नाही, चिखल तेवढा खरखरीत होतो.

वरून आणायच्या मातीचा हिशेब करा, म्हणजे ट्रॉलीवाल्याशी बोलताना अडचण येत नाही. 500 चौरस फुटांवर दोन इंच थर म्हणजे सुमारे 83 घनफूट. एक ब्रास 100 घनफुटांचा, म्हणजे दबून बसणारी धरून एक ब्रास मागवा. माती उतरवून घेण्याआधी मूठभर हातात घेऊन चाळा. लव्हाळ्याच्या गाठी दिसल्या तर ट्रॉली परत पाठवा. ट्रॉलीवाला चिडेल, चिडू दे.

शेणखत पूर्ण कुजलेलं हवं. हातात घेतलं तर भुसभुशीत, मातीचा वास येणारं. अर्धवट कुजलेल्या शेणात हुमणीच्या पांढऱ्या, इंग्रजी 'सी' अक्षरासारख्या वळलेल्या अळ्या हमखास असतात. त्या मुळं कुरतडतात आणि मग गवताचे ठिगळ हाताने उचलले जातात. 500 फुटांना आठ-दहा पाट्या चाळलेलं खत, सोबत दोन किलो सिंगल सुपर फॉस्फेट. हे वरच्या चार-पाच इंचांत कालवा, पाणी द्या, दोन दिवसांनी वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण हाताला न चिकटणारी झाली, की धुम्मस (माती ठोकायचं जड साधन) किंवा रोलर फिरवा. रोलर नसेल तर जाड फळी टाकून तिच्यावरून चाला. चालताना टाच खोल रुतली तर जमीन अजून पोकळ आहे, रुतलीच नाही तर जास्त दाबली गेली. टाचेचा जेमतेम ठसा उमटला की झालं.

काड्या लावणं

मामांच्या बांधावरचं पोतं मी आणलं नाही, ते केवळ लव्हाळ्याच्या भीतीने. बांधावरची हरळी भरडही असते. नर्सरीतून सिलेक्शन वनचे 40 ते 50 चौरस फूट तुकडे आणले तर ते मोकळे करून 500 फूट जागा लावून होते. आणखी काटकसर करायची असेल तर फेब्रुवारीत फक्त पाच-सहा फूट तुकडे आणा, बाजूच्या वाफ्यात काड्या लावून वाढवा. जूनपर्यंत स्वतःचं बेणं तयार.

आणलेले तुकडे पाण्याच्या टबात बुचकळून माती धुवून काढा. पांढऱ्या, जाडसर, दोन-तीन पेरांच्या काड्या निवडा. चार ते सहा इंच लांबीच्या बऱ्या. सुकलेल्या, तपकिरी झालेल्या फेकून द्या. निवडलेल्या काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा आणि लागतील तेवढ्याच बाहेर काढा. उन्हात अर्धा तास उघडी पडलेली काडी हिरवी दिसली तरी बहुधा रुजत नाही.

जमीन आदल्या दिवशी भिजवलेली असावी, चिखल नको. दोरी ताणून खुरप्याच्या टोकाने दीड-दोन इंच खोल चर पाडा. दोन चरांत चार ते सहा इंच अंतर. चरात दोन-तीन काड्या एकत्र, चार बोटांवर, आडव्या-तिरप्या ठेवा. निम्म्याहून जास्त काडी मातीत आणि शेंडा बाहेर, म्हणजे एक तरी पेर गाडलं गेलं पाहिजे. माती ओढा, तळहाताने घट्ट दाबा. या दाबण्यातच घाई होते. काडी आणि माती यांच्यात पोकळी राहिली तर मूळ हवेत लोंबतं आणि वाळतं. दाबल्यावर एखादी काडी हलकेच ओढून पाहा. सहज आली तर दाब कमी पडला.

लावताना मागे मागे सरकत या, म्हणजे लावलेल्यावर पाय पडत नाही. पाच-सहा ओळी झाल्या की झारीने पाणी द्या. सगळं लावून संपेपर्यंत थांबलात तर पहिल्या ओळी सुकलेल्या असतील. दोन माणसांना 500 फुटांसाठी दोन दिवस धरा आणि कंबरेसाठी तिसरा.

उतार असेल, बंगल्यापुढचा चढ असेल, तर चर टिकत नाहीत. तिथे माळ्यांची जुनी युक्ती वापरतात, लिंपण. हरळी दोन इंची कापून दोन पाट्या, बागेतली चाळलेली माती दोन पाट्या, ताजं शेण एक पाटी, मूठ-दोन मूठ राख. पाणी घालून सारवणाइतकं सरबरीत कालवायचं आणि ओल्या जमिनीवर इंचभर थर थापायचा. शेण इथे खतासाठी नाही, धरून ठेवण्यासाठी. वर वाळलेल्या गवताचा पातळ थर टाकून हलकी फवारणी करत राहायचं आणि कोंब दिसले की तो थर उचलायचा. काम घाण आहे, पण आमच्याकडच्या पोरांना लॉन लावण्यातलं हेच एक काम आवडलं.

कार्पेट अंथरणं

घाई असेल, घरात लग्न असेल किंवा मेक्सिकनच हवं असेल, तर कार्पेट. जमिनीचं काम मात्र तेवढंच, एक पायरीही कमी होत नाही. पुण्याजवळ सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचन, सोरतापवाडीच्या पट्ट्यात नर्सऱ्यांची रांगच आहे. स्वतः जाऊन तुकडा उलटा करून पाहा. खाली पांढरी मुळं दिसली पाहिजेत. माती एक इंचाच्या आतबाहेर. खाली लोण्यासारखी चिकट काळी माती असेल तर ती वाळून विटेसारखी होते आणि मुळं तिच्यातच अडकतात. त्रिकोणी दांडा शोधा. पिवळट, गरम लागणारी थप्पी नको. थप्पीत आतली उष्णता वाढते आणि गवत उकडतं. मोजमाप चौरस फुटावर असतं, पण तुकड्यांचे आकार नर्सरीगणिक वेगळे. उतरवताना मोजा आणि कडा कापण्यासाठी पाच टक्के जादा घ्या.

टेम्पो सकाळी लवकर यावा आणि संध्याकाळपर्यंत सगळं जमिनीत बसलेलं असावं. खालची जमीन ओलसर करून वर खरवडून घ्या. सरळ कडेपासून सुरुवात करा आणि विटांच्या बांधकामात सांधे चुकवतात तसे तुकडे सांधे चुकवून लावा. कडा एकमेकींना घट्ट भिडवा, एकावर एक चढवू नका. छोटे तुकडे कडेला नको, ते मध्ये घ्या. कडेचे पहिले वाळतात. फटींत चाळलेली माती आणि वाळू हाताने भरा. मग धुम्मस आणि लगेच भरपूर पाणी. एक तुकडा उचलून पाहा, खालची माती तीन-चार इंच ओली असली पाहिजे.

पहिले दोन महिने

पाण्याचा हिशेब लिटरमध्ये केला की टाकीचा अंदाज येतो. 500 चौरस फुटांवर 5 मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे 230 लिटर. पहिले दहा-पंधरा दिवस पाऊस नसेल तर रोज एवढं, सकाळी आणि दुपारनंतर असं विभागून. नंतर दिवसाआड, पण जास्त. महिन्यानंतर आठवड्याला 25 मिलिमीटर, म्हणजे साधारण 1,150 लिटर, दोन-तीन खेपांत. रोज थोडं थोडं शिंपडत राहिलात तर मुळं वरच राहतात आणि मेमध्ये एक दिवस टाकी रिकामी झाली की गवत मान टाकतं. पाऊस पडत असेल तर नळाला हात लावू नका. मेक्सिकन पावसात वाहून जात नाही, जास्तीच्या पाण्याने कुजतं.

काड्या लावल्यावर आठ दिवस सगळं मेल्यासारखं दिसतं. शेजारी येऊन "जगेल का हो?" विचारतात. दहाव्या-बाराव्या दिवशी पेरांवर सुईच्या टोकाएवढे हिरवे कोंब दिसतात. तिसऱ्या आठवड्यात धावत्या फांद्या निघतात आणि मग एका ओळीतली हरळी शेजारच्या ओळीला जाऊन भिडते. तोपर्यंत चालू नका. चालावंच लागलं तर फळी टाकून.

तीन आठवड्यांनी पहिलं नत्र. 500 फुटांना पाव किलो युरिया, कोरड्या पानांवर, वाळूत मिसळून हाताने फेकायचा आणि लगेच पाणी. पानं ओली असताना टाकला तर दाणे चिकटतात आणि तिथे तांबूस डाग पडतात. पुढे सहा आठवड्यांनी तेवढाच. जास्त युरियाने गवत झपाट्याने वाढतं, मऊ पडतं आणि तुमचे सगळे रविवार कापण्यात जातात.

पहिली कापणी हरळी दोन इंच झाली की, खाली दीड इंच ठेवून. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका. पातं धारदार हवं. बोथट पात्याने पानांची टोकं फाटतात आणि दुसऱ्या दिवशी सगळं लॉन करड्या रंगाचं दिसतं. कापणीने हरळी आडवी पसरते, म्हणून दाट करायची असेल तर टाळाटाळ करून चालत नाही. मेक्सिकनला पहिल्या वर्षात दोन-तीनदा कात्री पुरे.

खड्डे राहिलेले पहिल्या पावसात दिसतील. अर्ध्या इंचापर्यंत खोल असतील तर वाळू, माती आणि चाळलेलं खत सारखं मिसळून गवतावरूनच पसरा आणि झाडूने खाली झटका. पानांची टोकं वर दिसत राहिली पाहिजेत. त्याहून खोल असेल तर तिथला तुकडा फावड्याने उचला, खाली माती भरा आणि परत बसवा.

हरळी थांबत नाही, हे मामांचं दुसरं म्हणणं. फुलझाडांच्या वाफ्यात ती आठ दिवसांत शिरते. लॉन आणि वाफा यांच्यामध्ये चार बोटं रुंद, सहा इंच खोल चर मोकळा ठेवा आणि महिन्यातून एकदा फावड्याच्या धारेने कडा उभी कापा. विटा उभ्या पुरल्या तरी ती सांध्यांतून वाट काढते, मग विटा काढून मुळं सोडवत बसावं लागतं.

आमच्याकडे भिंतीलगतची हातभर पट्टी मी जुलैपासून कापत नाही. तिथे युरियाही टाकत नाही, फवारणीही नाही. कापलेल्या लॉनमध्ये तीन पात्यांची पूर्ण दूर्वा मिळत नाही आणि चतुर्थीच्या सकाळी बाजारात जुडीचे भाव ऐकण्यापेक्षा दारातून एकवीस खुडून आणणं आईला बरं वाटतं. गेल्या वर्षी मामा त्याच सुमारास आले होते. पट्टीपाशी उकिडवे बसून त्यांनी एक काडी उपटली, पेरं मोजली आणि सवयीने भिंतीपलीकडे भिरकावून दिली.